ओव्हनचा सेन्सर: कंपनीचा मागवावा की लोकल बसवावा?

आमच्या कुकिंग रेंजनं गेल्या वर्षी ऐन आषाढात मान टाकली. वरचे गॅसचे चारही बर्नर ठणठणीत. खालचा विजेचा ओव्हन मात्र सुरू केला की मिनिटभर पीं पीं करायचा, एक कोड दाखवायचा आणि गप्प बसायचा. मॅन्युअलमध्ये त्या कोडासमोर ‘तापमान सेन्सर’ एवढंच लिहिलेलं. तिथून दिवाळीपर्यंत मी आधी लोकल, म्हणजे कंपनीचा नसलेला, सेन्सर बसवला, मग तो काढून कंपनीचा बसवला. दोन्ही घरात नांदवून झालेत, म्हणून लिहितोय.

पण कुठलाही घ्यायच्या आधी जुना खरंच गेलाय का ते बघा. रेंजचा प्लग काढा, रेग्युलेटर बंद करा, मागचा पत्रा उघडा, सेन्सरचा कनेक्टर सोडवा आणि मल्टिमीटर लावा. माझ्या रेंजमध्ये पीटी-१००० होता, म्हणजे तापेल तसा विजेला जास्त अडथळा करणारा प्लॅटिनमचा सेन्सर. हा अडथळा ओहममध्ये मोजतात. शून्य अंशाला १००० ओहम आणि पुढं दर अंशाला पावणेचारच्या आसपास वाढ, असा त्याचा हिशेब. खोलीत २५ अंश असतील तर १०९७ दिसायला हवेत, १८० ला १६८५. काही ओव्हनमध्ये पीटी-५०० असतो, त्याला हेच आकडे निम्मे. शंका वाटली तर सेन्सर काढून नळीचं फक्त टोक बर्फाच्या पाण्यात धरा, मग उकळत्या पाण्यात. वायरीपर्यंत पाणी जाऊ देऊ नका. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास उंचीवर आहे. इथं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळं १३८५ च्या जागी १३७७ दिसले तर सेन्सरला नावं ठेवू नका.

माझ्या मीटरवर काहीच आकडा येईना, म्हणजे आत तार तुटलेली. तो विषय तिथंच संपला. तुमचा आकडा बरोबर येत असेल तर कनेक्टरच्या पिना बघा. आपल्या पावसाळ्यात डब्यातलं मीठ पाणी धरतं, तिथं पिनांचं काय होत असेल! काळ्या पडल्या असतील तर घासून, पुसून परत लावा. निम्म्या लोकांना एवढ्यावरच सुटका मिळेल असं माझं आपलं मत. आणि सेन्सर, पिना दोन्ही ठीक असूनही ओव्हन तापतच सुटत असेल, तर रिले, म्हणजे हीटर चालू-बंद करणारा स्विच, चिकटला असण्याची शक्यता जास्त. ते ओव्हन चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक बोर्डाचं दुखणं, तिथं सेन्सर बदलून काही होत नाही.

आता बाजार. कोल्हापूरकर म्हटल्यावर पहिला पाय कारखान्यांच्या शिवाजी उद्यमनगरकडंच वळतो. ज्या गावात भट्टीत लोखंड वितळवतात, तिथं तापमान मोजायचा सेन्सर मिळणार नाही होय? मिळतो, पण वेगळा. दुकानदारानं आधी के टाइप थर्मोकपल पुढं केला. तो भट्टीसाठी झकास, पण तो ओहम दाखवत नाही, व्होल्टेज देतो, तेही १८० अंशांना सातेक मिलिव्होल्ट. आमच्या बोर्डाला ते शॉर्ट झाल्यासारखंच दिसलं असतं. मग निघाला पीटी-१००. दिसायला तसाच, धातू प्लॅटिनमच, पण आकडा एक दशांश. खोलीत ११० ओहम बघून बोर्ड म्हणणार, सेन्सर शॉर्ट झाला. दुकानदाराची चूक नाही, कारखान्यांना लागतं तेच तो ठेवणार.

मग ऑनलाइन एक ‘युनिव्हर्सल’ पीटी-१००० मागवला. तिसऱ्या दिवशी हातात. किंमत कंपनीच्या पार्टच्या चौथाईच्या आसपास. मीटरवर १०९५, बर्फात १००१. मोजमापाच्या बाबतीत त्याला नाव ठेवायला जागा नाही, हे आधीच सांगून टाकतो. नळी थोडी लांब होती, पट्टीचं एक भोक जुन्या भोकावर बसेना, ते कानसून वाढवलं. ह्या गोष्टी मी त्रासात धरत नाही.

त्रास होता जोडाचा. ह्या सेन्सरला कनेक्टर येत नाही. दोन उघड्या तारा आणि सोबत चिनी मातीच्या दोन टोप्या. जुन्या सेन्सरचा कनेक्टर शेपटीसकट कापायचा, त्याच्या तारा नव्या तारांना पिळायच्या आणि वर टोप्या घट्ट फिरवायच्या. आमच्या वायरमननं आधी सवयीनं खिशातली काळी टेपच काढली होती. ती तिथं वितळून चिकट लगदा झाला असता. टोप्या लावून झाल्यावर तो म्हणाला, “काका, चालतंय की, काय हुतंय!” आणि चाललं. श्रावण, गौरी-गणपती, सगळं झालं. बायकोनं दोन केक, एकदा पाव केले. मीही लोकांना सांगत सुटलो की कंपनीला कशाला पैसे घालता.

घटस्थापनेच्या आधी आमच्याकडं घर धुऊन काढतात. रेंज पुढं ओढली, मागची भिंत पुसली, रेंज परत ढकलली. त्या टोप्या सेन्सरच्या भोकातून आत जात नाहीत, त्यामुळं जोड मागच्या पत्र्याला लागूनच लोंबत होता, आणि ढकलताना त्याला बहुतेक झटका बसला. संध्याकाळी थंड ओव्हन सुरू केला तर पडद्यावर ३६ अंश. खोलीत २५. मीटर लावला तर ११४०. चाळीसेक ओहम नुसते त्या सैल जोडाचे! बोर्डाला वाटतं ओव्हन आहे त्यापेक्षा जास्त गरम, म्हणून तो आधीच हात आखडता घेतो. १८० लावा, आत दहा-अकरा अंश कमी. नानकटाई वरून पांढरीफटक आणि मध्ये कच्ची.

जोड पिळला, आकडा जागेवर. चार दिवसांनी परत ३१. परत पिळला. मग तर तापल्यावर आकडा उड्या मारायला लागला, एकदा १६५, लगेच १८२, आणि मधूनच जुना कोड. प्रत्येक वेळी सिलिंडर बंद करा, रेंज ओढा, सहा स्क्रू काढा, पत्रा, टोप्या, मीटर, परत सगळं उलट. सेन्सर बिचारा निर्दोष, आणि मी त्याच्या शेपटाशी नुसता झटतोय. माझं मन तिथं फिरलं.

बऱ्याच मॉडेलांत सेटिंगमध्ये जाऊन तापमान वीसेक अंश वर-खाली करता येतं. तोही उपाय मी केला. फरक नेहमी सारखाच असेल तर तो उत्तम, आणि फुकट. रोज वेगळा असेल तर आज कच्चं आणि उद्या करपलेलं, एवढंच.

कंपनीच्या पार्टाची गोष्ट मात्र सुरळीत होती असं समजू नका. आलेल्या टेक्निशियननं मीटर न लावताच सेन्सर आणि बोर्ड दोन्ही बदला म्हणून सांगितलं. बोर्डाच्या किमतीत दुसरा छोटा ओव्हन आला असता. त्याला चहा पाजून वाटेला लावला आणि खालच्या कप्प्यामागच्या पट्टीवरचा मॉडेल नंबर देऊन फक्त सेन्सर मागवला. १९ दिवस लागले. फोन केला की “निघालाय, साहेब”. दिवाळीला चार दिवस उरले असताना आला. लहानपणी पिठाचा डबा घेऊन बेकरीच्या रांगेत बसायचो, तसंच परत बसायची मी मनाची तयारी केली होती.

बसवायला मात्र दहा मिनिटं. दोन स्क्रू, वायर भोकातून मागं, कनेक्टर टक्कन बसला. जुनी कापलेली शेपटी काढून टाकली. खोलीत २४ अंश असताना पडद्यावर २४. त्यानंतर दिवाळीची नानकटाई झाली, संक्रांत झाली, पाडव्याच्या सफाईत रेंज दोनदा पुढं-मागं झाली. आकडा हललेला नाही.

तरी लोकल वाईटच, असं मी म्हणणार नाही. माझ्या मेव्हण्यानं इचलकरंजीत तसाच सेन्सर बसवलाय. त्याच्याकडं तारा पिळल्या नाहीत, जास्त तापमान सोसणारे लग, म्हणजे तारांवर दाबून बसवायच्या धातूच्या नळ्या, दाबून पक्का जोड केला, आणि त्याची रेंज दोन वर्षं जागेवरून हललेली नाही. असा जोड करणारा माणूस तुमच्या ओळखीत असेल, किंवा रेंज इतकी जुनी असेल की कंपनीचा पार्टच मिळत नाही, तर लोकल खुशाल घ्या. आमचा जोड कदाचित आमच्याच हातचा दोष असेल. पण रेंज ओट्यामध्ये घट्ट बसवलेली, वर्षातून तीनदा ओढायची आणि दिवाळीच्या ऑर्डरी अंगावर, असं घर असेल तर मी १९ दिवस थांबेन. तोवर डायलचा छोटा ओव्हन थर्मामीटर आणि शेजारच्यांचा ओव्हन, दोन्हींवर भागतं.

घरी बदलणार असाल तर जुना सेन्सर ओढायच्या आधी त्याच्या कनेक्टरला मागच्या बाजूनं हातभर सुती दोरा बांधा. सेन्सर पुढं निघाला की दोरा भोकातून आरपार येतो, मग तोच नव्या कनेक्टरला बांधून मागून ओढायचा. मी पहिल्या वेळी बांधला नव्हता, आणि वायर ग्लास वूलमध्ये हरवल्यावर ती शोधण्यात अख्खा रविवार गेला, वर दोन दिवस हाताला खाज.