स्लीव्ह सर्जरीनंतर ११ महिने: बीपी उतरलं, पण आधी बीपी मोजायचा दंडाचा पट्टा बघा

वजन उतरवायच्या या ऑपरेशनमध्ये जठराचा पाऊण भाग काढतात वगैरे आता सगळ्यांना माहीत झालंय, ते परत लिहीत नाही. मी सांगलीत विश्रामबागला राहते, घरीच ब्लाउज शिवते, वय ४४. आधी वजन ९२, उंची पाच फूट एक, बीपीची तीन औषधं एकाच गोळीत आणि तरी वरचा आकडा १६० च्या खाली येत नव्हता. आज वजन ६७, सकाळचं बीपी १२४/८०, रोज एकच साधी गोळी. म्हणजे मला फायदा झालाय, भरपूर झालाय.

पण लिहायला बसले ते रागानं. ऑपरेशनच्या १९ व्या दिवशी शिलाई मशीनवरनं उठले आणि डोळ्यापुढं एकदम अंधारी आली, कपाटाची कडी हाताला लागली म्हणून, नाहीतर गरम इस्त्रीवरच पडले असते. शेजारच्या काकूंनी त्यांच्या मशीनवर बीपी बघितलं तर ९२/५८. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेलं ‘बीपीची गोळी आधीप्रमाणे’. त्या गोळीत लघवीवाटे पाणी काढायचं औषध होतं, आणि मी तेव्हा घोट घोट करून दिवसाला जेमतेम लिटरभर पाणी पीत होते.

गोळी तशीच का ठेवली, तर डिस्चार्जच्या सकाळी वॉर्डात १५०/९४ आलं म्हणून. आणि ते मोजलं कशानं, तर सगळ्यांना लावतात त्याच पट्ट्यानं. फुगताना त्याचा वेल्क्रो टर्रकन सुटायचा, मग सिस्टर तो हातानं दाबून धरायची. घरी आल्यावर काकूंच्या पट्ट्यावर बारीक अक्षरात लिहिलेलं वाचलं, २२ ते ३२ सेंटिमीटर. टेप घेतली, माझा दंडघेर साडेपंधरा इंच, म्हणजे ३९ सेंटिमीटर. आखूड पट्टा जाड दंडाला लावला की आकडा चढाच येतो. २०२३ साली अमेरिकेत बाल्टिमोरला हे रीतसर तपासलं गेलं, मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा लावला तर वरचा आकडा सरासरी ५ नं जास्त आला आणि त्याहून मोठा लागणाऱ्यांत जवळजवळ २० नं. मी त्या दोन्हीच्या सीमेवर होते. बाईचा ब्लाउज दंडात बसत नसला तर आपण बाही हातानं धरून ठेवत नाही, माप परत घेतो. एवढ्या मोठ्या दवाखान्यात, जिथं सगळे पेशंट वजनाचेच, तिथं मोठा पट्टा नाही? हे मी अजून विसरलेले नाही.

तेव्हा मला वाटायला लागलं की मला मुळात बीपी नव्हतंच, सगळा पट्ट्याचाच घोळ, ऑपरेशन उगाच केलं. दोन रात्री झोप नाही. मिरजेच्या फिजिशियन डॉक्टरांकडं गेले, त्यांनी जुना इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढून दाखवला, जास्त बीपीनं हृदयाची भिंत जाड झालेली, आणि म्हणाले ताई, आकडा पट्ट्यानं चुकेल पण भिंत पट्ट्यानं जाड होत नाही. तिथं माझं मत बदललं. पाण्याचं औषध त्यांनी त्याच दिवशी बंद केलं. समजावलं पण नीट, की पोटातली चरबी किडनीला दाबते, मग किडनी मीठ धरून ठेवते, झोपेत श्वास अडकला की रात्रीचंही बीपी चढतं. हे सगळं एकदम सैल व्हायला लागतं आणि शिवाय खाणंच कमी, म्हणून वजन फारसं उतरायच्या आधीच पहिल्या काही आठवड्यांत बीपी खाली येतं. म्हणजे गोळ्यांचा हिशेब डिस्चार्जलाच बघायला पाहिजे, महिन्यानं नाही.

चौथ्या महिन्यात सगळ्या गोळ्या बंद झाल्या, मी पेढे वाटले. आठव्या महिन्यात सलग आठवडाभर १४२/९० यायला लागलं, तेही मोठ्या बरोबर पट्ट्यावर, मग एक गोळी परत सुरू. रडू आलं खरं. पण डॉक्टरांनी ब्राझीलच्या अभ्यासाचं सांगितलं, १०० जण होते, ऑपरेशन बायपासचं, हृदयाचं नव्हे, वजनासाठीच जठराचं, पण माझ्यासारखं स्लीव्ह नाही. वर्षानं ८४ टक्के लोकांची औषधं निदान ३० टक्क्यांनी कमी झाली, पण एकही गोळी न घेता बीपी ताब्यात असलेले निम्मेच. पाच वर्षांनीही साधारण तसंच. हे ऑपरेशनआधी कुणी सांगितलं असतं तर पेढे वाटताना जरा थांबले असते.

इन्शुरन्सचं थोडक्यात. बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, ४० च्या खाली आणि ३५ च्या वर असेल तर पॉलिसीत सोबतचे आजार ठरलेले असतात, हृदयाचे दोन, झोपेतला तीव्र श्वासरोध, आटोक्यात नसलेली शुगर. नुसतं बीपी त्या यादीत नाही! माझा बीएमआय ३८, क्लेम पास झाला तो फक्त स्लीप स्टडीच्या, म्हणजे झोपेतला श्वास तपासतात त्या, रिपोर्टवर. तो रिपोर्ट आधीच काढून ठेवा, नाहीतर साडेतीन लाख खिशातनं.

केस तिसऱ्या-चौथ्या महिन्यात मूठमूठ गळले, आता येतायत. बी-१२, कॅल्शियम, लोह कायमचं. भडंग मूठभरच, मिठामुळं.

परवा टेप लावली, दंडघेर बारा इंच. काकूंचा पट्टा आता मला बरोबर बसतो. माझा मोठा पट्टा, वेगळा मागवलेला, तो जावेला दिलाय. तिचा दंडघेर चौदा आहे आणि पाच वर्षं ती छोट्या पट्ट्याच्या आकड्यावर गोळ्या खातेय. रविवारी माझ्याकडं बसवून दोन्ही पट्ट्यांनी मोजणार आहे, मग ते कागद घेऊन तिच्या डॉक्टरांकडं.