आयसीयूतल्या नर्सिंगचा रिव्ह्यू (बाबांचा जीबीएस म्हणजे गुलियन-बारे सिंड्रोम, ३१ दिवस आयसीयू, मग वॉर्ड, मग घर)

बरेच दिवस लिहायचं लिहायचं म्हणून राहून जात होतं, आज बसलेच. जानेवारी २०२५ ला पुण्यात सिंहगड रोडच्या पट्ट्यात, म्हणजे धायरी, किरकटवाडी, नांदेड गाव या बाजूला जीबीएसचे पेशंट एकदम वाढले होते, सगळ्यांना आठवत असेल, एनआयव्हीत (राष्ट्रीय विषाणू संस्थेत) नमुने गेले, काही जणांच्या तपासणीत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जुलाब करणारा जिवाणू सापडला, विहिरीच्या पाण्यावरून केवढा गोंधळ झाला. त्या पेशंटांत आमचे बाबा पण होते. वय ६१, बीपीची गोळी सोडली तर काही नाही, रोज सकाळी चालायला जाणारा माणूस.

हॉस्पिटलचं नाव लिहीत नाहीये. एक तर पुढे काही तक्रारी पण आहेत, आणि दुसरं म्हणजे स्टाफ बदलत असतो, तुम्ही जाल तेव्हा तीच माणसं असतील असं नाही. पण आता नात्यातले, सोसायटीतले लोक मला फोन करून विचारतात की डॉक्टर कोण होते, व्हेंटिलेटर कुठल्या कंपनीचा, रूमचं भाडं किती, आणि नर्सिंग कसं होतं हे आजवर एकानेही विचारलेलं नाही. मी ३१ दिवस त्या काचेच्या दाराबाहेर बसून जे पाहिलं त्यावरून सांगते, हाच प्रश्न पहिला विचारायला पाहिजे. डॉक्टर दिवसातून दोनतीनदा राउंडला येतात, बाकीचा सगळा वेळ पेशंटजवळ सिस्टरच असतात.

आधी थोडं आजाराबद्दल, नाहीतर पुढचं कळणार नाही. जीबीएसमध्ये आपलीच प्रतिकारशक्ती आपल्या नसांवर उलटते. बाबांना आधी जुलाब झाले, ते बरे पण झाले, मग आठवड्याने पायाला मुंग्या, मग चप्पल पायात राहीना, दुसऱ्या दिवशी संडासातून उठताच येईना. खालून वर चढत जातो हा अशक्तपणा आणि छातीपर्यंत पोचला की श्वास घ्यायचे स्नायूच थकतात. पण डोकं पूर्ण शाबूत असतं. माणसाला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं, दुखतं पण, फक्त बोट हलवता येत नाही.

अ‍ॅडमिट केलं त्याच दिवशी आयव्हीआयजी, म्हणजे शिरेतून द्यायचं अँटिबॉडीजचं औषध, सुरू झालं. वजनाच्या हिशोबाने किलोला ०.४ ग्रॅम रोज, असे ५ दिवस, बाबांचं वजन ७० म्हणजे रोज २८ ग्रॅम. बाटल्या किती महाग ते ज्यांनी आणल्यात त्यांनाच माहीत. सिस्टर सुरुवातीला अगदी हळू ठेवायच्या, दर १५ मिनिटांनी बीपी, ताप, पल्स बघायच्या, थंडी वाजतेय का, डोकं दुखतंय का विचारायच्या आणि मगच स्पीड वाढवायच्या. मला वाटलं होतं सलाइनसारखी लावून देतील आणि जातील.

आता खरी गोष्ट. दुसऱ्या दिवशी बाबा बोलत होते, मॉनिटरवर ऑक्सिजन ९७, मी आईला फोन करून सांगितलं की ठीक आहे सगळं. दुपारच्या ड्युटीच्या सिस्टर दर दोन तासांनी येऊन बाबांना म्हणायच्या, "काका, मोठा श्वास घ्या आणि एका श्वासात एक दोन तीन मोजा बघू". दुपारी बाबा २३ पर्यंत गेले. संध्याकाळी १५. रात्री आठला ओव्हर देताना (म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती पुढच्या सिस्टरना सांगताना) त्यांनी नाईटच्या सिस्टरसमोर परत मोजायला लावलं तर ९ वर अडकले, आणि मान उशीवरून उचलता येते का बघितलं तर येईना. मॉनिटरवर तेव्हाही ९६ होतं! त्या घरी गेल्या नाहीत, ड्युटी संपलेली असताना डॉक्टरांना फोन लावून उभ्या राहिल्या, डॉक्टर आले, आणि व्हेंटिलेटरसाठी श्वासनळीत ट्यूब नीट, शांतपणे, सगळी तयारी करून टाकली गेली. नंतर डॉक्टरांनी मला समजावलं की जीबीएसमध्ये ऑक्सिजनचा आकडा पडायची वाट बघत बसलं तर उशीर होतो, कारण तो सगळ्यात शेवटी पडतो, आणि मग घाईघाईत ट्यूब टाकावी लागते ते फार धोक्याचं. तो २३, १५, ९ चा हिशोब मी अजून विसरलेली नाही.

व्हेंटिलेटर लागल्यावर मला वाटायचं की आता सगळं मशीन करतंय. तसं अजिबात नसतं. डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, सतत, नाहीतर पोटातलं वर येऊन फुफ्फुसात जातं आणि न्यूमोनिया होतो. तोंड साफ करणं, दात घासणं, हो, बेशुद्ध वाटणाऱ्या माणसाचे पण दात घासतात. दर दोन तासांनी कूस बदलणं, याला ते पोझिशन देणं म्हणतात. नाकातल्या नळीतून फीड, इन-आउट चार्टवर प्रत्येक तासाची लघवी, पायात गाठ होऊ नये म्हणून पोटावर इंजेक्शन, पोटऱ्यांना हवेचे पट्टे. आणि बाबांचे डोळे. चेहऱ्याचे स्नायू पण गेले होते त्यामुळे पापण्या मिटत नव्हत्या, उघडे राहिले तर बुबुळ कोरडं पडून जखम होते. रात्री मलम घालून, पापणी हाताने मिटवून वर बारीक चिकटपट्टी लावायच्या, सकाळी काढून कोमट सलाइनने पुसायच्या. ३१ दिवसांत एकदाही चुकलं नाही. आज बाबा चष्म्याशिवाय पेपरची हेडलाइन वाचतात त्यात या चिकटपट्टीचा मोठा वाटा आहे असं मी मानते.

सक्शनबद्दल, म्हणजे श्वासनळीतला कफ बारीक नळीने ओढून काढतात त्याबद्दल, वेगळं लिहिते, कारण नातेवाइकांना ते बघवत नाही. मलाही नाही बघवलं पहिल्यांदा. जीबीएसमध्ये बीपी आणि पल्स पण वेड्यासारखे खालीवर होतात, आता १८० तर अर्ध्या तासात ९०, आणि नळी आत गेली की पल्स धाडकन पडू शकतो. एका रात्रीच्या ब्रदरना (पुरुष नर्सना) मी बघितलं, आधी ऑक्सिजन १०० टक्के करून घेतला, बाबांच्या कानाशी "काका सक्शन करतोय, दहा सेकंद, खोकला येईल" असं सांगितलं, नळी आत, नजर मॉनिटरवर, पल्स ८० वरून ४४, लगेच नळी बाहेर, थांबले, परत ७० आला, मग दुसऱ्यांदा अगदी थोडंसं. हात घाईत नाहीत आणि डोळा आकड्यावर. आणि प्रत्येक वेळी बाबांना आधी सांगूनच, कारण त्यांना माहीत होतं की आतला माणूस जागा आहे. हे सगळेच करत नाहीत. एक ब्रदर न बोलता करून जायचे, काम नीट करायचे पण बाबांचे डोळे भरलेले असायचे.

आणि तो बोर्ड. दहाव्या दिवशी गळ्याला छेद देऊन ट्रॅक केली, म्हणजे ट्रॅकिऑस्टॉमी, श्वासाची नळी तोंडाऐवजी थेट गळ्यातून. त्यानंतर एका केरळच्या सिस्टरने (मराठी पुण्यातच शिकलेल्या, पण काय स्वच्छ बोलायच्या) पुठ्ठ्यावर मार्करने क ची ओळ, च ची ओळ, ट, त, प, य अशा ओळी आणि खाली स्वर लिहून आणले. बाबांचे डोळे तेवढे वरखाली हलत होते. "काका, हो असेल तर डोळे वर." मग एकेक ओळ विचारायची, ओळ सापडली की त्यातलं एकेक अक्षर. पहिला शब्द यायला सात-आठ मिनिटं लागली. ट ची ओळ, ट. काना. मग च ची ओळ, च. टाच!! दहा दिवस त्यांची टाच गादीवर दाबली जाऊन दुखत होती आणि ते कुणालाच सांगू शकत नव्हते. सिस्टरनी चादर वर करून बघितलं तर डाव्या टाचेवर लाल चट्टा, बोटाने दाबला तरी पांढरा पडत नव्हता, म्हणजे जखमेची सुरुवात. लगेच पोटरीखाली उशी घालून टाच अधांतरी ठेवली, ओव्हरच्या वहीत लाल पेनने लिहिलं, आणि पुढच्या प्रत्येक शिफ्टला टाच बघितली गेली. चार दिवसांत चट्टा गेला.

मी त्या दिवशी घरी येऊन खूप रडले. राग पण आला होता की दहा दिवस कसं नाही कुणी बघितलं, रोज पाठ बघत होते की. ही तक्रार मी इन्चार्ज सिस्टरांकडे केली, त्यांनी ऐकून घेतलं, टाच चेक करणं चार्टमध्ये वेगळं लिहायला लावलं. सारवासारव केली नाही हे मला आवडलं.

आता जे पटलं नाही ते. व्हेंटिलेटरच्या पेशंटला एकास एक सिस्टर असावी हे आदर्श, आणि दिवसा ते होतं सुद्धा. पण काही रात्री एका सिस्टरकडे व्हेंटिलेटरचे दोन पेशंट असायचे, आणि शेजारच्या बेडवर काही झालं की आमच्याकडची अलार्म वाजत राहायची. सिस्टरची यात काय चूक, तिला दोनच हात. मॅनेजमेंटने माणसं कमी ठेवायची आणि बिलात मात्र रोज नर्सिंग चार्जेस पूर्ण लावायचे हे मला आजही चुकीचं वाटतं, मी फीडबॅक फॉर्मवर स्पष्ट लिहिलंय, उत्तर आलं नाही.

वॉर्डमध्ये शिफ्ट केल्यावर तर आम्ही जमिनीवरच आलो. ट्रॅक होतीच, पण इथे एका सिस्टरकडे सात-आठ पेशंट. बाबांच्या गळ्यात घरघर सुरू झाली, मी बेल दाबली, दहा मिनिटं कुणी नाही, मी कॉरिडॉरमध्ये ओरडत पळत गेले. तेव्हापासून आम्ही भावंडांनी पाळ्या लावल्या आणि इन्चार्जना विनंती केली की आम्हाला शिकवा. त्यांनी शिकवलं बरं का, हात धुण्यापासून. कूस कशी बदलायची, ट्रॅकची आतली नळी कशी काढून धुवायची, रक्त दिसलं तर काय. तुमचा पेशंट ट्रॅक घेऊन घरी येणार असेल तर डिस्चार्जच्या दिवसाची वाट बघू नका, आठवडाभर आधी शिकायला लागा.

घरी आल्यावर एका ब्युरोकडून नर्स मागवली. फोनवर "आयसीयू ट्रेंड देतो मॅडम" म्हणाले, १२ तासांचे १८०० ठरले. मुलगी आली, स्वभावाने गोड, पण सक्शन मशीन सुरूच करता येईना, आतली नळी म्हणजे काय माहीत नाही. विचारलं तर कळलं काही महिन्यांचा केअरटेकरचा कोर्स केलाय. तिला दोष नाही देत, तिला काय सांगून पाठवलं असेल देव जाणे, पण जीव गेला असता बाबांचा. दुसऱ्या दिवशी ब्युरो बदलला. या वेळी आधीच विचारलं: जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) की बीएस्सी, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दाखवा, आयसीयूत किती वर्षं, ट्रॅकचे पेशंट घरी सांभाळलेत का. जीएनएम ३ वर्षांचा कोर्स, बीएस्सी नर्सिंग ४ वर्षांचा, वर क्रिटिकल केअरचा वेगळा डिप्लोमा पण असतो, आणि यातलं काहीच नसलेल्या माणसाला नर्स म्हणून पाठवणं हीच फसवणूक आहे. जे ब्रदर आले त्यांनी पहिल्या दिवशी आल्याआल्या काय विचारलं माहितेय? "जास्तीची ट्रॅक ट्यूब कुठे ठेवलीय? एक याच साइजची, एक त्याहून लहान. आणि लाइट गेली तर सक्शनचं काय?" आमच्याकडे दोन्हीची सोय नव्हती. संध्याकाळपर्यंत ट्यूबा आणि पायाने चालणारं सक्शन आणवून घेतलं त्यांनी. त्याच आठवड्यात रात्री दीड तास लाइट गेली होती.

स्टार द्यायचे तर आयसीयू नर्सिंगला साडेचार, अर्धा त्या रात्रींच्या स्टाफचा कापला. वॉर्डला दोन. पहिल्या ब्युरोला शून्य, दुसऱ्याला पाच.

कुणाचं माणूस आत्ता आत असेल आणि हे वाचत असाल तर एक करा. सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ, तुमच्याकडे जी वेळ असेल ती, ओव्हर कधी होतो ते विचारून घ्या आणि तो झाल्यावर पंधरा मिनिटांनी दारावर जाऊन नवीन आलेल्या सिस्टरना भेटा, मध्येच जाऊ नका, तेव्हा त्या एकमेकींना औषधांचे डोस सांगत असतात. आपल्या माणसाबद्दल दोन गोष्टी सांगा ज्या फाइलमध्ये नाहीत. मी सांगितलं होतं की बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. त्या दिवसापासून सगळे उजव्या बाजूला उभे राहून बोलायला लागले.