थर्मल पॅडच्या नावाखाली पांढरी पेस्ट

पुण्यातल्या एका लॅपटॉप दुरुस्तीवाल्याने मला २,८०० रुपयांना गंडवलं. दुकानाचं नाव लिहीत नाही, पण त्याची युक्ती सांगतो. ही युक्ती त्याच्या एकट्याकडे असेल असं वाटत नाही.

माझा लॅपटॉप सहा जीबीच्या आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्डचा. जीपीयूच्या, म्हणजे ग्राफिक्सच्या चिपच्या, भोवती मेमरीच्या सहा चिप बसवलेल्या असतात. या चिपची उष्णता वरच्या हीटसिंकला, म्हणजे थंड करणाऱ्या धातूच्या पत्र्याला, पोचवायला मध्ये थर्मल पेस्ट किंवा मऊ थर्मल पॅड लावतात. व्हिडिओ एडिट करताना स्क्रीनवर रंगीत चौकोन उमटायला लागले. दुकानदाराचं निदान बरोबर होतं, ते नाकारत नाही. "सर, मेमरीचे पॅड वाळलेत. जीपीयूला पेस्ट मारू, मेमरीला नवीन पॅड टाकू. पॅडचंच पॅकेट बाराशेला येतं." नामांकित कंपनीचं सीलबंद पॅकेट त्याने काउंटरवर आणूनही ठेवलं.

संध्याकाळी माझ्यासमोर टेस्ट चालवली. आधी ९२ पर्यंत जाणारा आकडा ७४ वर थांबला. "बघा, अठरा डिग्री उतरलं!" आकडा खरा होता. फक्त तो जीपीयूच्या कोअरचा, म्हणजे मधल्या मुख्य चिपचा होता, मेमरीचा नव्हे. कोअरवर कुठलीही ताजी पेस्ट नीट लावली की तापमान उतरतंच. मेमरीचं तापमान अशा लॅपटॉपमध्ये सहसा कुठल्याच सॉफ्टवेअरला दिसत नाही, म्हणून चोरी तिथेच करायची.

घरी आल्यावर चौकोन आधीपेक्षा लवकर यायला लागले. फोन केला तर आधी "विंडोज नव्याने टाका", मग "मेमरी चिप गेली असणार, बोर्डचं काम निघेल." हे बोर्डचं काम म्हणजे दहा-बारा हजारांची बात.

मामेभाऊ इलेक्ट्रॉनिक्सवाला आहे. त्याने हीटसिंक उचलला आणि हसायलाच लागला. दोन चिपवर जुनेच पॅड, तेल सुटून भुगा झालेले. उरलेल्या चार चिपवर ट्यूबमधून पिळलेली पांढरी पेस्ट, तिचं वरचं टोक जसंच्या तसं उभं. वर हीटसिंकचा पत्रा लखलखीत कोरडा. म्हणजे पेस्ट पत्र्याला टेकलीच नव्हती. कोअर आणि हीटसिंक जवळजवळ चिकटून बसतात, त्यामुळे तिथे पेस्टचा पातळ थर पुरतो. मेमरी चिप उंचीने कमी असतात, वरची फट माझ्या लॅपटॉपमध्ये साधारण एक मिलिमीटरची निघाली. ती फट भरायलाच तर पॅड असतो.

फोटो घेऊन दुकानात गेलो. उत्तर तयार होतं: "ती पुटी आहे सर, कंपन्यापण आता पुटीच वापरतात." यात अर्धं सत्य आहे, म्हणून सांगतो. थर्मल पुटी खरंच असते आणि ती चांगलीही असते. पण ती मळलेल्या कणकेसारखी घट्ट असते आणि हीटसिंक दाबला की दोन्ही बाजूंना तिचा ठसा उमटतो. माझ्या पत्र्यावर डाग नव्हता. फोटो मोठा करून दाखवला आणि ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ नंबर त्याच्यासमोर फिरवायला घेतला, तेव्हा पॅडचे बाराशे परत आले. मजुरी त्याने परत दिली नाही. त्याची तक्रार नोंदवली आहे, निकाल अजून नाही. बिलावर त्याने फक्त "सर्व्हिसिंग" लिहिलं होतं, हे मला आता नडतंय.

तेव्हा बिलावर पॅडचा ब्रँड आणि जाडी लिहून घ्या. काढलेले जुने पॅड परत मागा, आणि हीटसिंक बसवण्याआधीचा बोर्डचा फोटो व्हॉट्सॲपवर मागवा. काम झाल्यावर कोअरच्या आकड्यावर समाधान मानू नका, ओसीसीटी या तपासणीच्या सॉफ्टवेअरमधली व्हीरॅम (ग्राफिक्स मेमरी) टेस्ट अर्धा तास चालवायला लावा. मेमरी तापून चुका करत असेल तर त्यात एरर मोजलेले दिसतात. आणि "जाड पॅड टाकतो, जास्त थंड राहील" असं कोणी म्हणालं तर लॅपटॉप उचलून घरी या. जास्त जाडीच्या पॅडने हीटसिंक वर उचलला जातो आणि मग कोअरही तापायला लागतो.