डीएनए बीड्सच्या नावाखाली २,८६,७०० रुपये लुबाडले. नागपूरच्या लॅबवाल्यांनो, सावध राहा

आधी हिशोब देते. अ‍ॅडव्हान्स १,३४,२५०, माल आल्यावर पुन्हा तेवढेच, 'कस्टम क्लिअरन्स'चे ११,४०० आणि 'कोल्ड चेन'चे ६,८००. एकूण २,८६,७०० रुपये. शेवटच्या दोन रकमा माझ्या खिशातून गेल्या, त्याही फर्मच्या खात्यात नाही तर कुणाच्या तरी वैयक्तिक यूपीआयवर. समोरचा काहीही सांगो, फर्मच्या नावाचं खातं सोडून एक रुपया पाठवू नका.

माल होता साइज सिलेक्शनचे मॅग्नेटिक बीड्स, म्हणजे डीएनएचे हव्या त्या लांबीचे तुकडे धरणारे, चुंबकाने बाजूला ओढता येणारे बारीक कण असलेलं द्रावण. ६० मिलीच्या तीन बाटल्या. अधिकृत डीलरचा भाव बाटलीला १,३८,००० आणि माल दोन महिन्यांनी. हा माणूस ८९,५०० ला आठवड्याभरात द्यायला तयार. एका कंपनीचा प्रोजेक्ट बंद पडला, त्यांचा सीलबंद स्टॉक आहे, असं त्याचं म्हणणं. स्वस्ताला भुलले म्हणणाऱ्यांनी एकदा मार्च महिन्यात सरकारी ग्रँट सांभाळून दाखवावी. ३१ मार्चच्या आत खर्च दाखवला नाही तर पुढचा हप्ता अडतो. मी तीन कोटेशन्स घेतली होती, तुलनात्मक तक्ता केला होता, अकाउंट्सची सही होती. यापेक्षा जास्त काय करायचं असतं?

एप्रिलमध्ये पार्सल आलं. थर्माकोलचं खोकं उघडलं तर आत ड्राय आइसचा धूर आणि बाटल्यांत तपकिरी गोळा, दगडासारखा गोठलेला. फोन लावला तर म्हणाला, "मॅडम, नागपूर की गर्मी देख के स्पेशल ड्राय आइस में भेजा है."

इथेच, अगदी इथेच सगळं उघडं पडलं होतं! हे बीड्स २ ते ८ अंशांत ठेवतात, गोठवायचे नसतात. ज्याने आयुष्यात एक खरी बाटली विकली आहे तो ड्राय आइस घालणारच नाही. पण बाहेर पारा ४३ वर, आदल्या उन्हाळ्यात कुरिअरच्या गोदामात पडून आमचं एन्झाइम खराब झालेलं, त्यामुळे त्याचं बोलणं खरं वाटलं. दुसऱ्या दिवशी उरलेले १,३४,२५० गेले. ते आठवलं की अजून अंगाचा तिळपापड होतो.

आमचं काम काटोल-नरखेडच्या संत्रा बागांतल्या डिंक्या रोगावर आहे. तिथल्या मुळांच्या डीएनएच्या लायब्ररीला, म्हणजे सिक्वेन्सरवर वाचण्यासाठी तयार केलेल्या तुकड्यांच्या मिश्रणाला, त्याच्या ०.८ पट बीड्स घातले. खरं द्रावण पीईजी या पॉलिमरमुळे दाट असतं, टिपमध्ये हळूहळू चढतं, हळूच उतरतं. हे पाण्यासारखं सरकन खाली आलं. विद्यार्थिनी नवीन होती, तिने खरी बाटली हाताळलेलीच नव्हती, तिला दोष देऊ नका. पीईजी आणि मीठ पुरेसं असेल तरच डीएनए बीड्सवर बसतो, आणि ते जितकं कमी तितके फक्त मोठे तुकडे धरले जातात. द्रावण पातळ केलेलं असेल तर ४०० बेसपेअर (डीएनएची लांबी मोजायचं एकक) लांबीची लायब्ररी वरच्या पाण्यातच राहते आणि ते पाणी आपण टाकून देतो. आम्ही टाकलं. ४१,६०० रुपयांचा लायब्ररी किट त्यात संपला. पैशापेक्षा मोठं नुकसान नमुन्यांचं. ज्या झाडांचे ते होते त्यातली काही शेतकऱ्यांनी उपटूनही टाकली, ती मुळं आता कुठून आणू?

शंका आल्यावर जुन्या बाटलीतले उरलेसुरले बीड्स आणि हे, दोन्हींवर १०० बेसपेअरचा लॅडर, म्हणजे माहीत असलेल्या लांबीच्या डीएनए तुकड्यांचं मिश्रण, चालवला आणि जेलवर बघितला. १.८ पटीला जुन्या बीड्सनी खालपर्यंतचे, म्हणजे छोट्या तुकड्यांचेही, पट्टे धरले. नव्यांच्या लेनमध्ये वरचे दोनचार सोडून काही नाही. नवी बाटली उघडली की ही तपासणी नमुन्याला हात लावण्याआधी करा, अर्ध्या दिवसाचं काम आहे. मूळ कंपनीला लॉट नंबर पाठवला, तर तो त्यांचा नाहीच असं उत्तर आलं. म्हणजे हे ऑर्डरच्या आधी विचारता येतं.

विक्रेत्याला जाब विचारला तर म्हणतो, तुम्हीच फ्रीझरमध्ये ठेवले असतील. मग नंबर बंद.

पोलीस ठाण्यात ऐकून घेणारा म्हणाला, "माल मिळाला ना? मग फसवणूक कशी? हे दिवाणी आहे, वकील करा." नकली माल खरा म्हणून विकणं ही फसवणूक नाही तर काय आहे? भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ कशासाठी आहे? १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार घेतली, नंबर मिळाला, पुढे शांतता. बँक म्हणते एनईएफटी तुम्हीच केलं. ग्राहक आयोगासाठी विचारलं तर वकिलाने सांगितलं की संस्थेची खरेदी म्हटल्यावर तुम्ही ग्राहक आहात का इथूनच वाद सुरू होईल. औषधांचं बघणारे म्हणतात, हे संशोधनाचं रसायन, आमच्याकडे येत नाही. आणि आमचं खरेदी खातं मलाच विचारतंय, माल 'समाधानकारक' अशी सही कशी केली! सही केल्याशिवाय बिल पुढे सरकत नाही हा नियम त्यांचाच. प्रत्येक टेबलावर जेलचा फोटो दाखवला, कुणी नीट बघितलासुद्धा नाही.

बिलावरचा पत्ता दिल्लीचा आणि जीएसटी नंबर २७ ने सुरू होणारा, म्हणजे महाराष्ट्राचा. पोर्टलवर टाकला तर नोंदणी रद्द. दोन मिनिटांचं काम, फुकट. प्रोफॉर्मा हातात आला की तिथेच करा.

आता दुसऱ्या फर्मच्या नावाने माझ्या एका मैत्रिणीच्या लॅबला कोटेशन आलंय. तीच बंद पडलेल्या प्रोजेक्टची गोष्ट, भाव ८६,०००. तिने पैसे दिलेले नाहीत. ज्यांनी दिले असतील त्यांनी बाटल्या फेकू नका, लेबल आणि लॉट नंबरचे फोटो काढा, खोकंसुद्धा जपून ठेवा आणि लेखी तक्रार द्या. आमची एकट्यांची फाईल कुणी उघडत नाहीये.