बिझनेस डिग्री राज्यात करावी की राज्याबाहेर? ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ कितपत उपयोगी आहे

अमेरिकेत मुलांच्या बिझनेस डिग्रीचा विषय घरात निघाला की आपल्या राज्यातल्या विद्यापीठाची इन-स्टेट फी (राज्याच्या रहिवाशांसाठीची कमी फी) आणि बाहेरच्या नावाजलेल्या विद्यापीठाची आउट-ऑफ-स्टेट फी यांचा हिशेब मांडला जातो, आणि त्यासाठी अनेक पालक केंद्रीय शिक्षण खात्याचे ‘कॉलेज स्कोअरकार्ड’ हे मोफत संकेतस्थळ उघडतात. ते उघडावेच, असे मी आग्रहाने सांगेन. मात्र तिथला खर्चाचा आकडा या हिशेबासाठी वापरू नये.

विद्यापीठाच्या पानावर वार्षिक सरासरी खर्च ठळकपणे दिसतो. सार्वजनिक विद्यापीठांच्या बाबतीत हा आकडा फक्त इन-स्टेट फी भरणाऱ्या, आणि त्यातही केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या विद्यार्थ्यांचा असतो; मिळालेली मदत वजा करून उरलेला खर्च त्यात धरलेला असतो. इंडियाना विद्यापीठाचे केली किंवा मिशिगन विद्यापीठाचे रॉस बिझनेस स्कूल मनात धरून इलिनॉयमधले पालक तो आकडा पाहतात, तेव्हा प्रत्यक्षात ते इंडियाना वा मिशिगनच्या रहिवाशांचा खर्च पाहत असतात. त्याच पानावर खाली उत्पन्नगटांनुसार तक्ता आहे, पण त्यातला शेवटचा गट 1,10,001 डॉलरपासून पुढे एकच आहे. दोघेही नोकरी करणाऱ्या कुटुंबांपैकी कितीतरी जण याच गटात येतात, त्यामुळे त्यांना त्यातून फारसा बोध होत नाही.

तिथल्या कर्जाच्या आकड्याबाबतही सावध राहायला हवे. पालकांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पदवीसाठी स्वतःच्या नावावर एकूण 31,000 डॉलरपर्यंतच केंद्रीय कर्ज मिळते, म्हणून राज्याबाहेरची फी कितीही जास्त असली तरी विद्यार्थ्याच्या केंद्रीय कर्जाचा आकडा त्या प्रमाणात वाढत नाही. उरलेला भार पालकांची बचत, पालकांच्या नावावरचे कर्ज किंवा खासगी बँका उचलतात, आणि खासगी कर्ज तर या आकडेवारीत येतच नाही.

या संकेतस्थळाचे खरे बळ अभ्यासक्रमनिहाय माहितीत आहे. फायनान्स, अकाउंटिंग, मार्केटिंग आणि सर्वसाधारण बिझनेस अॅडमिनिस्ट्रेशन हे विषय तिथे वेगवेगळे दाखवले आहेत, आणि एकाच विद्यापीठात या विषयांच्या पदवीधरांच्या मध्यम (मीडियन) कमाईत किती अंतर पडते, हे समोर ठेवून पाहता येते. ‘बाहेरच्या विद्यापीठाचे नाव मोठे, म्हणून पगार मोठा’ हे गृहीतक तपासायला यापेक्षा सोयीची मोफत जागा मला माहीत नाही. आपल्या राज्यातले अकाउंटिंग आणि बाहेरचे सर्वसाधारण बिझनेस यांची तुलना एकदा तरी करून पाहावीच. अर्थात ही कमाईदेखील केंद्रीय मदत घेतलेल्यांचीच असते. आपल्यातल्या एच-4 व्हिसावरच्या (एच-1बी नोकरदारांच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावरच्या) मुलांना ती मदत मिळत नसल्याने त्यांचा यात समावेश नसतो. शिवाय राहणीमानाच्या खर्चाप्रमाणे कमाई जुळवून दाखवलेली नसते, आणि लहान अभ्यासक्रमांचे आकडे गोपनीयतेमुळे झाकलेले असतात.

पश्चिमेकडच्या राज्यांत राहणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट पाहावी. ‘वेस्टर्न अंडरग्रॅज्युएट एक्स्चेंज’मध्ये सहभागी विद्यापीठे पश्चिमेकडच्या इतर सहभागी राज्यांतल्या विद्यार्थ्यांकडून इन-स्टेट फीच्या जास्तीत जास्त 150 टक्के घेतात. काही विद्यापीठे ठराविक अभ्यासक्रम या सवलतीतून वगळतात, तेव्हा बिझनेस त्यात आहे ना, हे आधी विचारून घ्यावे.

खर्चासाठी मात्र प्रत्येक विद्यापीठाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरचे नेट प्राइस कॅल्क्युलेटर (मदत वजा जाता आपल्याला पडणाऱ्या खर्चाचा अंदाज देणारे साधन) वापरावे. ऑक्टोबर 2011 पासून ते ठेवणे विद्यापीठांना कायद्याने बंधनकारक आहे. त्यात रहिवासाचे राज्य विचारले आहे का, हे पाहावे आणि विचारले नसेल तर आउट-ऑफ-स्टेट फीचा तक्ता वेगळा काढावा. बिझनेसच्या वरच्या वर्षांना काही ठिकाणी जादा फी असते, तीही त्यात मिळवावी. मग येणारी रक्कम चार वर्षांसाठी धरावी, कारण केवळ शिकायला येऊन राहिल्याने दुसऱ्या वर्षापासून रेसिडेन्सी (इन-स्टेट फीसाठी त्या राज्याचे रहिवासी म्हणून मान्यता) मिळेल, या आशेवर सहसा विसंबता येत नाही. अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याचा रहिवास बहुतेक राज्यांत पालकांच्या रहिवासावरूनच ठरतो.