तुमचा प्राणी कोणता: चिनी वर्ष की नक्षत्राची योनी?

माहिती किती लागते? चिनी पद्धतीत प्रत्येक वर्षाला एक प्राणी असतो, त्यामुळे जन्मतारीख पुरते. चूक होते ती जानेवारी-फेब्रुवारीत, कारण चिनी वर्ष 21 जानेवारी ते 20 फेब्रुवारीच्या दरम्यान कधीतरी सुरू होतं. 1990 हे घोड्याचं वर्ष, पण ते लागलं 27 जानेवारीला. त्यामुळे 10 जानेवारीला जन्मलेला आधीच्या वर्षाचा सापच.

योनी म्हणजे नक्षत्राला नेमून दिलेला प्राणी. तिच्यासाठी जन्मनक्षत्र हवं, म्हणजे जन्मवेळी चंद्र ज्या नक्षत्रात होता ते. चंद्र एका नक्षत्रात साधारण दिवसभर असतो, म्हणून नक्षत्र बदलण्याच्या वेळेच्या आसपास जन्म असेल तर अचूक वेळ लागते. पत्रिकेत अवकहडा चक्रात (नक्षत्र, गण, नाडी वगैरेंचा तक्ता) योनी लिहिलेलीच असते: अश्विनीचा अश्व, भरणीचा गज, चित्रेचा व्याघ्र, मघेचा मूषक. (मूषक निघाला की लोक हमखास वेळ पुन्हा तपासतात!)

बारकावा? चिनी प्राणी बारा, योनी चौदा, फरक किरकोळ. पण चिनी हिशोबात अख्ख्या वर्गाचा प्राणी जवळपास एकच निघतो. योनी जवळपास रोज बदलते. मात्र तिचा मुख्य उपयोग गुणमेलनात, म्हणजे लग्नासाठी पत्रिका जुळवताना, 36 पैकी 4 गुणांपुरता. जोडी मांजर-उंदीर अशी असेल तर शून्य.

स्वभाव दोन्हींतून सिद्ध होत नाही. मित्रमंडळीत गंमत करायची तर चिनी वर्ष. पत्रिका हाताशी असेल आणि एकाच वर्षी जन्मलेल्यांत वेगळेपण हवं असेल तर योनी.