पाट्टोची पायरी की माशेलचा चिखल?

ऑफिसातल्या एका मैत्रिणीने परवा डबा खाताना विचारलं, "मुलगी सहा वर्षांची, सासरे निवृत्त शिक्षक आणि गोव्याच्या इतिहासाचे वेडे. महिन्याला धड दोन रविवार मोकळे मिळतात. वाचनालयाचे कार्यक्रम धरू की जत्रा-उत्सव?" मी "दोन्ही" म्हणणार होते, तेवढ्यात तीच म्हणाली, "दोन्ही म्हणू नकोस, ते सगळेच म्हणतात." म्हणून हा जरा सविस्तर हिशेब.

सुरुवात पणजीतल्या पाट्टो भागापासून करू. कदंब बसस्थानकावर उतरलात की कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पोर्तुगीज राजवटीत 1832 साली 'पुब्लिका लिव्रारिया' म्हणून सुरू झालेली ही संस्था 2012 मध्ये या नव्या इमारतीत आली. नाव ज्याचं दिलंय तो कृष्णदास शामा केळशीचा. त्याने 1526 साली कृष्णचरित्र मराठी ओव्यांत बांधायला घेतलं. पाटी वाचून पुढे जाणाऱ्यांना हे कुणी सांगत नाही. सासऱ्यांनी नातीला दारातच सांगावं, म्हणजे आत शिरण्याआधीच एक गोष्ट हातात येते.

मुलांचा विभाग स्वतंत्र आहे, थंड आहे, आणि खाली बसून वाचलं तर कुणी हटकत नाही. पावसाळ्यात जूनपासून सप्टेंबरपर्यंत याला तोड नाही. लहान मुलांसाठी पणजीतच 2005 पासून चालणारं 'बुकवर्म' नावाचं वाचनालय आहे. तिथे मोठ्याने वाचून दाखवण्याची पद्धत फार छान, पण ओघ इंग्रजीकडे जास्त. घरात मराठी वाचन रुजवायचं असेल तर माझा कौल गावातल्या वाचनालयाला, मग ते कितीही लहान असो.

मात्र गावातल्या वाचनालयाचं काही खरं नसतं, हेही सांगते. माझा मुलगा दुसरीत असताना सुट्टीतल्या गोष्टींच्या कार्यक्रमाला त्याला घेऊन गेले. बाई आल्या, सतरंजी अंथरली, मुलं जमली, आणि बालसाहित्याचं कपाट कुलूपबंद. किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर. बाईंनी मग तोंडी गोष्ट सांगितली, मुलं खूश झाली, पण काचेआडची पुस्तकं बघत बसलेला माझा लेक अजून आठवतो. आता मी निघण्याआधी फोन करते.

सासऱ्यांच्या बाजूने पाहिलं तर ग्रंथालयाचं पारडं एकदम जड होतं. पाट्टोला गोव्याविषयीच्या पुस्तकांचा आणि दुर्मीळ ग्रंथांचा वेगळा संग्रह आहे, जुनी वर्तमानपत्रं आहेत. तिथे बसलेला माणूस जेवणाची वेळ विसरतो, हे मी माझ्या वडिलांमुळे जाणते. पर्वरीचं झेवियर ऐतिहासिक संशोधन केंद्र आणि 2008 पासून इतिहासकार दामोदर धर्मानंद कोसंबींच्या नावाने होणारी विचारमहोत्सवाची व्याख्यानं, हीही त्यांच्याच कामाची. पण सहा वर्षांच्या मुलीला तिथे नेऊ नका. दहाव्या मिनिटाला तिला पाणी हवं असतं, पंधराव्याला घरी जायचं असतं.

आता दुसरी बाजू. पैशांचा विचार इथे फारसा करावा लागत नाही, दोन्हीकडे खर्च बसभाड्याचा आणि खाज्यांचा. तारखेचा मात्र करावा लागतो. उत्सव तिथीवर चालतो. तो तुमचा मोकळा रविवार बघून येत नाही, आणि चुकला की वर्षाने. पुस्तक कपाटात बसून वाट पाहतं (किल्ली असेल तर). म्हणून माझा नियम असा की आधी पंचांग बघायचं आणि उरलेले रविवार ग्रंथालयाला द्यायचे.

मुलांसाठी एकच उत्सव निवडायचा झाला तर मी फोंडा तालुक्यातल्या माशेलचा चिखलकालो निवडीन. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी देवकीकृष्णाच्या देवळासमोरचं मैदान पावसाने लोण्यासारखं झालेलं असतं. भजन संपतं, अंगाला तेल चोपडलेले बाप्ये आणि पोरं बाहेर येतात आणि चिखलात उतरतात. कृष्णाच्या बाळपणातले म्हणून सांगितले जाणारे खेळ चालतात. एकाचे पाय धरून दुसरा ओढतो, तिसरा त्याच्यावर पडतो, आणि थोड्या वेळाने कोण कुणाचा काका हे ओळखता येत नाही. आमचा लेक पहिल्या वर्षी माझ्या साडीमागे लपला होता. दुसऱ्या वर्षी बोट सोडून कधी आत गेला ते कळलंही नाही. चिखलातून फक्त डोळे आणि दात दिसत होते.

आणि इतिहास? तो त्याच मैदानात उभा आहे. हा देव मूळचा चोडण बेटावरचा. सोळाव्या शतकात देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा मूर्ती हलवावी लागली, मयेमार्गे ती माशेलला आली. फोंडा-माशेलचा पट्टा तेव्हा पोर्तुगिजांच्या हाताबाहेर होता. या भागात देवळांची एवढी दाटी का, याचं उत्तर इथे मिळतं. देवकीच्या कडेवर बसलेला कृष्ण दाखवत आजोबांनी हे सांगितलं, तर नातीला ते इतिहासाचा तास वाटणार नाही.

दिवाडी बेटाचंही तसंच. ऑगस्टच्या चौथ्या शनिवारी तिथे बोंदेरा असतो, रंगीत झेंडे आणि खेळण्यातल्या बांबूच्या बंदुका. मुलं फेरीबोटीवरच निम्मी खूश होतात. पण आजोबांसाठी खरा माल नदीपलीकडे नार्व्याला. दिवाडीवरचा सप्तकोटेश्वर, ज्याचं नाव गोव्याचे कदंब राजे आपल्या नाण्यांवर मिरवत, तो पुढे नार्व्याला आला. त्याचं देऊळ शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये बांधायला घेतलं, दारावर शके 1590 चा लेख आहे. 2023 मध्ये देवळाचं जीर्णोद्धाराचं काम पूर्ण झालं. इथे मात्र क्रम उलटा ठेवा: आधी पाट्टोला जाऊन कदंबांविषयी वाचा, मग नार्व्याला जा. न वाचता गेलं तर ते एक टुमदार देऊळ, एवढंच.

शिगमो म्हणजे गोव्याचा होळीच्या दिवसांतला उत्सव. त्याच्या मिरवणुकांबद्दल माझं मत थोडं तिखट आहे. रोमटामेळ (ढोल-ताशांसह निघणारे नाचणाऱ्यांचे ताफे) आणि घोडेमोडणी (कमरेला लाकडी घोडा बांधून केलेला नाच) बघण्यासारखी आहेतच, पण शहरातल्या चित्ररथांच्या मिरवणुकीला लहान मूल नेणं म्हणजे परीक्षा. एका वर्षी चारची वेळ सांगितलेली मिरवणूक आमच्यासमोर आली तेव्हा काळोख पडून तास उलटला होता आणि लेक नवऱ्याच्या खांद्यावर झोपला होता. गावच्या मांडावरचा, म्हणजे गाव जमतं त्या पारंपरिक जागेवरचा, शिगमो बघा, तिथे ढोल-ताशे हाताच्या अंतरावर असतात. कार्निव्हल, लोकोत्सव वगैरे गर्दी आवडत असेल तर.

साखळीजवळ विठ्ठलापूरला त्रिपुरारी पौर्णिमेला वाळवंटी नदीत हाताने बनवलेल्या सजवलेल्या होड्या सोडतात. रात्र असते, पण बसून बघता येतं आणि मुलांना झोप येत नाही.

तर मैत्रिणीला मी काय सांगितलं? वर्षातून चार उत्सव ठरवून टाक: चिखलकालो, बोंदेरा, गावचा शिगमो, विठ्ठलापूर. बाकीचे रविवार पाट्टो. सासऱ्यांना वरच्या मजल्यांवर सोडायचं, मुलीला बालविभागात, आणि दोन तासांनी दोघांना गोळा करायचं. मूल दहा-बारा वर्षांचं झालं की हा क्रम उलटा करून आधी ग्रंथालय धरायला हरकत नाही. तेव्हा ते मूल आपणहून विचारतं, देव चोडणहून इथे आला कसा.

तिने लगेच मोबाईलवर आषाढी कधी ते बघितलं. मी तिला म्हटलं, जुने कपडे, एक टॉवेल आणि चिखलाचे कपडे ठेवायला मोठी पिशवी घे. पांढरं काही घालू नकोस. तू कितीही लांब उभी राहिलीस तरी.